नारळ घेऊन कोकणात

सायकलचा ग्रुप काढला की व्यायाम किती होतो ते सांगता येत नाही, पण किस्से भरपूर होतात. आमच्याकडच्या टायरात बाभळीचे काटे जसे न सांगता येऊन बसतात, तसेच हे. एक काढायला जावं तर शेजारी आणखी दोन सापडतात! माझं मिरजगावात हायवेला मेडिकल आहे. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक औषध मागतच नाही, "काल कुठं पडला?" असं विचारतं. मग मी सांगत बसतो, आणि मागे खोकल्याचं गिऱ्हाईक खोकत उभं राहतं. शेवटी बायको म्हणाली, "एकदाचं लिहून काढा, म्हणजे दुकान तरी चालेल."

तर आम्ही चौघं. मी फार्मसीवाला, पण गावात मेडिकलवाल्याला डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे ग्रुपमध्येही मी डॉक्टर. साळवे सिस्टर आरोग्य केंद्रात नर्स आहेत. मुलगा पुण्याला इंजिनिअर झाला आणि गिअरची सायकल घरी ठेवून गेला, ती सिस्टरांनी ताब्यात घेतली. अण्णा कर्जत रस्त्याला राहतात, साठीला आलेत, लिंबाची बाग आहे. आणि चौथा दत्ता. दत्ता सायकल चालवत नाही. तो मागून पिकअप घेऊन येतो आणि आमची मजा बघतो.

* * *

पुण्याच्या दुकानातल्या पोराने मला सायकल दाखवली तेव्हा 'ग्रॅव्हल बाईक' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड. "सर, खडी, मुरूम, माती, कुठंही घाला. फॉरेनला लोक मुद्दाम कच्चे रस्ते शोधत फिरतात," असं तो म्हणाला. मी हुरळून सायकल घेऊन आलो आणि दुकानापुढे सगळ्यांना दिसेल अशी लावली.

अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. बाजारात बैल बघावा तसे टायर दाबून बघितले. मी पोराचं सगळं भाषण त्यांना ऐकवलं. अण्णा म्हणाले, "म्हंजी आपल्या रस्त्यासाठी सायकल काढली व्हय? रस्ता करायचा सोडून?"

हे म्हणणारा माणूस पुढच्याच आठवड्यात नगरहून जाड टायरची एक जुनी सायकल घेऊन आला. वर मलाच विचारतो, "उद्या किती वाजता निघायचं?"

* * *

आमच्याकडे सायकल दोनच प्रकारची माणसं चालवतात. एक शाळेतली पोरं आणि दुसरी ज्यांच्याकडे गाडी नाही ती माणसं. मी पहिल्या दिवशी हेल्मेट घालून, घट्ट सायकलिंगची चड्डी घालून बाजारपेठेतून निघालो तर अख्खी पेठ थांबली! भाजीवाल्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पोरगा असल्यापासून त्या मला ओळखतात.

"का रे बाबा, बायकोनं गाडी काढून घेतली का?"

मी म्हटलं, नाही मावशी, व्यायाम आहे.

"आन् पँट?"

सिस्टर पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घालतात, अण्णा पायजम्याला घोट्यापाशी रबर लावतात आणि हेल्मेट टोपीच्या वरून घालतात. टोपी काढा म्हणून मी चारदा सांगितलं. "डॉक्टर, टोपी माझ्यासाठी हाय, हेल्मेट तुमच्यासाठी," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पुढच्या रविवारपासून मीही पायजमा घालायला लागलो.

* * *

पहिली मोठी राईड खर्ड्याची. हायवे सोडून शिवारातल्या वाटांनी किल्ल्यापर्यंत जायचं, किल्ल्यात डबा खायचा आणि परत यायचं असा बेत होता. निघताना सिस्टर नेहमीसारखं मोठ्याने "जय भीम!" म्हणाल्या, आम्ही "जय भीम" म्हटलं आणि पॅडल मारलं. मुरूम छान दाबलेला, दोन्ही बाजूंना ज्वारी, ऊन कोवळं. मी मनात म्हटलं, फॉरेनवाले मूर्ख नाहीत.

तेवढ्यात फुस्स! माझा. मग सिस्टरांचा. मग पुन्हा माझा! वाटेवर कोणीतरी बांधावरची बाभळ तोडून टाकली होती. पुण्याच्या पोराने भाषणात बाभळीचं नाव काढलं नव्हतं.

आता सिस्टरांचं बघा. त्या दप्तरातून चिमटा काढून खाली बसल्या. ट्यूबवरून हात फिरवला, छिद्र सापडलं तशी तिला म्हणाल्या, "घाबरायचं नाही, काही होत नाही." खरोखर ट्यूबला म्हणाल्या! काटा चिमट्याने उपसला, जागा पुसली, चिकटवलं, दाबून धरलं. तोवर पाठीमागे दोन शाळेतली पोरं आपापल्या पंक्चर सायकली घेऊन उभी राहिली होती. त्यांच्यामागे एक म्हातारेबुवा मुलाची सायकल घेऊन आले. सिस्टरांनी मान वर न करता हाक दिली, "पुढचा!"

खर्ड्याला आम्ही दुपारी पोचलो. किल्ला बघायचं त्राण कोणातच नव्हतं. म्हातारेबुवांनी मात्र पंक्चर काढून झाल्यावर जाताना सिस्टरांना विचारलं होतं, "ताई, दुखतंय का बघायला परत कधी आणू?"

* * *

अण्णांची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. पाणी दिसलं की त्यांची सायकल थांबते. विहीर दिसली, थांबले. पाझर तलाव दिसला, थांबले. शेततळं असेल तर बांधावर चढून आत वाकून बघतात. आमच्या सगळ्या भागातच पावसाची बोंब, त्यामुळे पाणी बघायची सवय सगळ्यांनाच आहे, पण अण्णांचं वेगळं होतं. अण्णा पाणाडी होते. म्हणजे जमिनीतलं पाणी बघून देणारे. शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवायचा आणि रानातून सावकाश चालायचं. जिथे खाली पाणी, तिथे नारळ हातावर उभा राहतो, असं म्हणतात. मी विज्ञान शिकलेला माणूस, सिस्टरांच्या घरी तर असलं काही चालतच नाही. पण अण्णांनी दाखवलेल्या कितीतरी जागी पाणी लागलं होतं, हेही खरं. अण्णांनी त्याबद्दल कधी कोणाकडून चहाच्या पुढे काही घेतलं नाही.

मग दत्ताची गोष्ट घडली. दत्ताचीही लिंबाची बाग होती. उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा तो अण्णांकडे आला. अण्णा नारळ घेऊन त्याच्या रानात फिरले, एका जागी नारळ टणकन उभा राहिला, दत्ताने तिथे बोअर घेतला. मशीन दिवसभर चाललं आणि वर आला नुसता फुफाटा. बाग वाळली. दत्ताने झाडं काढली, पिकअप घेतली आणि भाडी मारायला लागला.

दत्ताने अण्णांना एका शब्दाने दोष दिला नाही. माझ्यासमोर त्याने सांगितलंय, "अण्णा, जमिनीत नव्हतंच. तुमी काय आनून वतनार हुता?"

पण अण्णांनी त्या दिवसापासून नारळ हातात धरला नाही. कोणी बोलवायला आलं तर घरात नाही म्हणून सांगायचे. एकदा तलावाच्या बांधावर आम्ही बसलो होतो तेव्हा सिस्टरांनी विषय काढला. अण्णा पाण्याकडे बघत म्हणाले, "नारळ खोटं बोलत न्हाई, सिस्टर. हातच खोटा असनार."

सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, माझा नारळावर विश्वास नाही. तुमच्यावर आहे."

अण्णांनी टोपी सारखी केली. त्यांना वाईट वाटतंय हे दिसत होतं, आणि आम्हाला दोघांनाही काही करता येत नव्हतं.

* * *

तर त्यामुळे झालं असं की अण्णा दत्ताच्या पिकअपमध्ये बसत नाहीत. दत्ता ग्रुपमध्ये आला तोच मुळी अण्णांसाठी. "म्हातारं मानूस हाय, रानात कुठं पडलं बिडलं तर," असं म्हणून तो आमच्या मागे यायला लागला. मी दमलो की पिकअपमध्ये बसतो. मी लवकर दमतो. सिस्टरसुद्धा चढ आला की कधी कधी सायकल मागे टाकतात. अण्णा कधीच नाही. दत्ताची बाग वाळली म्हणून ही गाडी आली, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

एकदा कुकडीच्या कॅनॉलच्या रस्त्याने येताना त्यांच्या सायकलचं चाक पार वाकडं झालं. दुरुस्तीला वावच नव्हता. दत्ता म्हणाला, "अण्णा, बसा." अण्णा म्हणाले, "मी चालतो." आणि सायकल ढकलत निघाले! चपलेचा अंगठा तुटला तशी चपला हँडलला अडकवल्या. मागे दत्ताची पिकअप पहिल्या गिअरमध्ये, इंडिकेटर लावून. तिच्यामागे मी आणि सिस्टर. ऊन हे एवढं. वाटेतल्या वस्तीवरची एक म्हातारी ही वरात बघून लगबगीने तांब्या घेऊन बाहेर आली. तिने अण्णांच्या अनवाणी पायांवर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला, मग पिकअपच्या बॉनेटलाही नमस्कार केला.

"कुठल्या देवाला निघालात, बाबा?"

अण्णा आधीच तापलेले. ते फटकन म्हणाले, "समुद्राला!"

म्हातारीने पुन्हा हात जोडले आणि म्हणाली, "माझा बी नमस्कार सांगा."

* * *

संध्याकाळी चहा पिताना अण्णा म्हणाले, "म्हातारीला शब्द दिलाय. आता जावं लागंल."

अण्णांनी उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता. खरं तर मी एक कोकणातला रूट मोबाईलवर काढूनच ठेवला होता. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राच्या जवळच्या टेकड्यांमधून लाल मातीच्या वाटा आहेत, आमच्या सायकलींना अगदी हव्या तशा. माझा बेत साधा होता. सायकली पिकअपमध्ये टाकायच्या, कोकणात उतरायचं, दोन दिवस त्या वाटांनी फिरायचं आणि परत यायचं. ग्रुपवर टाकला तर लगेच अण्णांचा व्हॉइस मेसेज आला, "मी घरनं सायकलीवं येनार. तुमी या गाडीत."

आता म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं सोडायचं? झालं! एका माणसाने एका गाडीत बसायचं नाही म्हणून आम्ही तिघं कर्जत, राशीन, भीमा ओलांडून बारामतीच्या अंगाने, पुढे नीरा, भोर आणि वरंधा घाट असे पाय दुखवत जाणार होतो. येताना काय, असं सिस्टरांनी विचारलं.

"येताना एसटी हाय की," अण्णा म्हणाले.

मी आणि सिस्टरांनी एकमेकांकडे बघितलं. आम्हाला समुद्राचं एवढं काही पडलेलं नव्हतं. अण्णांनी एकदा दत्ताच्या शेजारी त्या गाडीत बसावं, एवढंच आम्हाला हवं होतं. पण ते सायकलचं चाक सरळ करण्याइतकं सोपं नव्हतं.

काकींना, म्हणजे अण्णांच्या मंडळींना, हा सगळाच प्रकार मान्य नव्हता. निघायच्या सकाळी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जनमभर लोकांच्या रानात पानी बघितलं, आता समुद्रात हाय का बघाया चालला व्हय?" अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पिशवी सायकलला बांधली. पिशवीत कपडे होते, लिंबं होती आणि एक शेंडीचा नारळ होता. मी विचारलं तर म्हणाले, "सागराला वाहायला."

कर्जतच्या बाजारातून नारळ विकत घेऊन कोकणात निघालेला हा पहिला माणूस असणार! पण मला आणि सिस्टरांना वेगळीच शंका आली. इतक्या दिवसांनी अण्णांच्या सामानात नारळ होता.

* * *

वाटेतलं सगळं सांगत बसत नाही. कॅनॉलच्या कडेने गेलो, उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ खाल्ली, मुक्कामाला प्रत्येक ठिकाणी अण्णांच्या कोणाच्या तरी पाहुण्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली. भोरपासून पुढे डोंगर अंगावर यायला लागले. वरंध्याचा घाट उतरताना अण्णांचे ब्रेक असे किंचाळायला लागले की वळणावरची माकडं पळाली. दत्ता मागून इंडिकेटर लावून, एका हाताने हॉर्न दाबत. खाली उतरलो तेव्हा अण्णांची बोटं ब्रेकवरून सुटेनात. सिस्टरांनी एकेक बोट मोकळं केलं आणि विचारलं, "भीती वाटली का?"

"मला न्हाई," अण्णा म्हणाले. "दत्त्याला इचारा. लई हॉर्न वाजवीत हुता."

दत्ता खरोखरच घामाने निथळत होता. त्याने अण्णांना पाण्याची बाटली दिली आणि अण्णांनी ती न बघता घेतली.

* * *

माझ्या मोबाईलप्रमाणे लाल मातीच्या वाटांवरचा पहिला टप्पा अर्ध्या दिवसाचा होता. मोबाईलला आमच्या माणसांची माहिती नव्हती. वाट फार सुंदर. जांभ्या दगडाची बारीक खडी, वर झाडांची सावली, एक टेकडी चढली की दुसरी समोर. आणि प्रत्येक दोन टेकड्यांच्या मधे एक वाहता ओढा!

पहिल्या ओढ्याला अण्णा थांबले. साहजिक होतं. सगळे थांबलो, तोंड धुतलं, फोटो काढले. दुसऱ्यालाही थांबले. तिसऱ्या ओढ्याला मी म्हटलं, अण्णा, पुढे अजून आहेत. अण्णा म्हणाले, "असतील. पन हा हिथं हाय न्हवं?" त्यांना वाहत्या पाण्यासमोरून तसंच निघून जायला जमेना. आणि गंमत म्हणजे पाचव्या ओढ्यापासून मलाही जमेना! सिस्टर तर पाण्यात पाय सोडून बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. आमचं असं वागणं बघून काजूच्या बागेतला एक माणूस काय हरवलंय का म्हणून बघायला आला.

अण्णांनी त्याला विचारलं, "पाव्हनं, ह्याला पानी कुठवर टिकतं? म्हाशिवरात्रीपोत्तर?"

त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. "टिकतं म्हणजे? असतंच की."

अण्णांनी हेल्मेट काढलं, मग टोपीही काढली. आम्ही समुद्र त्या दिवशी बघणार होतो, तो दुसऱ्या दिवसावर गेला. अर्ध्या दिवसाचा रस्ता आम्हाला पुरा दिवसभर पुरला.

* * *

मुक्कामाला एका घरी उतरलो. घरमालकीण वहिनींनी आम्हाला दारातच थांबवलं, कारण आम्ही डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो होतो. नळीने पाणी मारून आमच्यातलं कोण कोण आहे ते ओळखून त्यांनी आत घेतलं. अण्णा पिशवी रिकामी करत होते. नारळ बघून वहिनी थबकल्या. त्यांच्या अंगणात माडाची रांग, ओसरीवर नारळांचा ढीग.

"अहो, नारळ आणलात? नगरहून? आमच्याकडे?"

अण्णा म्हणाले, "हा तिकडचा हाय."

वहिनींनी तो हातात घेतला, कानाशी हलवला, माप घेतल्यासारखा फिरवला. "लहान आहे हो," त्या म्हणाल्या.

"लहान असला तरी शिकलेला हाय," अण्णा म्हणाले आणि नारळ परत पिशवीत ठेवला.

दत्ता ओसरीवर हसला. अण्णांच्या एखाद्या बोलण्यावर तो हसलेला मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. मला फार बरं वाटलं.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी दुकानात सगळ्यात जास्त वेळा सांगितलाय.

सकाळी शेवटची टेकडी चढलो. वर सपाट माळ, आमच्या मिरजगावच्या माळासारखाच उघडा, फक्त दगड लाल. अण्णा पुढे होते. माळाच्या टोकाला गेले आणि थांबले. आम्ही मागून पोचलो तर समोर निळं, अगदी नजर जाईल तिथवर. अण्णा बराच वेळ बघत होते.

"डॉक्टर, पल्याडचा बांध कुठं हाय?"

मी म्हटलं, दिसत नाही अण्णा इथून.

"आरारारा," एवढंच ते म्हणाले.

वाट सुरूच्या झाडांमधून खाली वाळूवर गेली. दत्ता डांबरी रस्त्याने पिकअप घेऊन आधीच पोचला होता. अण्णांनी सायकल आडवी टाकली, पायजमा वर केला आणि पाण्यात घोट्यापर्यंत गेले. हात जोडून, "म्हातारीनं नमस्कार सांगितलाय," असं समुद्राला मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि तो दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

सिस्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "वाहायच्या आधी एकदा बघा, अण्णा."

"काय बघू?"

"तुम्हाला माहीत आहे."

अण्णांनी सिस्टरांकडे बघितलं, मग मागे वाळूवर उभ्या असलेल्या दत्ताकडे. मी मनात म्हटलं, हे आता काय होऊन बसतंय! अण्णांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी समुद्राकडे, डोळे मिटले आणि थांबले.

नारळ हलला नाही.

अण्णा दोन पावलं पुढे गेले. नारळ आडवाच. गुडघ्याइतक्या पाण्यात गेले, लाट आली, पायजमा भिजला, नारळ आडवाच. त्यांनी हात बदलला. तरी तसाच! मग ते फिरले आणि भिजलेल्या पायजम्याने सरळ दत्तापुढे जाऊन उभे राहिले.

"हात कर."

दत्ताने हात पुढे केला. अण्णांनी नारळ त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याला हाताला धरून पाण्यात नेलं. दोघं लाटांमध्ये उभे, दत्ताचा हात ताठ, त्यावर नारळ झोपलेला.

"दत्ता, म्होरं काय हाय रं?"

"समुद्र हाय, अण्णा."

"पानीच हाय न्हवं?"

"पानीच की!"

"तुला दिसतंय?"

"दिसतंय की, अण्णा."

"मला बी दिसतंय," अण्णा म्हणाले. आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलत होते, मग ते मोठ्याने हसायला लागले, इतके की दत्ताला त्यांना धरावं लागलं. "एवढं पानी म्होरं, आन् ह्याला दिसंना! अरं, ह्याला समुद्र दिसंना!" ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते आणि डोळे पुसत होते. दत्ताही हसत होता, आणि त्याचेही डोळे भरले होते. सिस्टर समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी चष्मा पुसला.

अण्णांनी नारळ समुद्राला वाहिला नाही. तिथल्या खडकावर एका दणक्यात फोडला, पाणी कोपरापर्यंत ओघळलं. पहिला तुकडा दत्ताला दिला, दुसरा सिस्टरांना. खोबरं खरंच छान गोड होतं. तेवढ्यात काकींचा फोन आला आणि अण्णांनी स्पीकर लावला.

"पोचला का? हाय का पानी?"

"हाय," अण्णा खोबरं चावत म्हणाले. "पन नारळाला इचारू नगं."

दुपारी निघायची वेळ झाली. दत्ताने आणि मी तिन्ही सायकली मागे चढवून दोरीने बांधल्या. मी मोबाईलवर श्रीवर्धनच्या एसटीची वेळ बघून ठेवली होती. अण्णा रिक्षाने स्टँडवर जाणार आणि आम्ही गाडीने निघणार असं ठरलं होतं. म्हणून मी पुढे खिडकीपाशी जाऊन बसलो, मधे सिस्टर, पलीकडे दत्ता. अण्णा पाय झटकत वाळू काढत होते. चपला घातल्या, टोपी सारखी केली, हेल्मेट मागे सायकलींवर टाकलं आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"डॉक्टर, उतरा," ते म्हणाले. "मागं सायकलीपाशी बसा. ही जागा माझी हाय."